मुद्रा, मोर्तब आणि एपीके

शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे, आणि मजकूर संपला की खाली मर्यादा मुद्रा, म्हणजे मोर्तब, उमटे. पत्र कोणाचे हे माथ्यावरची मुद्रा सांगे. मोर्तबाचे काम निराळे होते: त्याखाली मागाहून कोणी चार ओळी घुसडू नयेत. मोबाइलवरच्या ॲपविषयी लिहिताना हे आठवण्याचे कारण एवढेच, की अधिकृत दुकानाबाहेरून आणलेल्या ॲपचा इतिहासही मुळात शिक्क्यांचाच इतिहास आहे.

जुलै २००८ मध्ये ॲपलने ॲप स्टोअर उघडले. आयफोनवर अधिकृतपणे ॲप यायचे ते याच एका दारातून. त्याच वर्षी ऑक्टोबरात अँड्रॉइडचा पहिला फोन अमेरिकेत विक्रीला आला. त्यालाही स्वतःचा बाजार होता. पण सेटिंगमध्ये ‘अननोन सोर्सेस’ अशी एक चौकट होती. तिच्यात खूण केली की एपीके नावाची फाइल कुठूनही आणून बसवता येई. दार उघडे, पण राखण घरधन्याकडे, असा तो व्यवहार होता.

प्रत्येक एपीकेवर निर्मात्याचा डिजिटल शिक्का लागतो. मात्र हा शिक्का निर्माता स्वतःच घडवतो. त्याचे नावगाव कोणी तपासत नाही. नवी आवृत्ती आली की तिचा शिक्का जुन्या आवृत्तीशी जुळतो का, एवढेच फोन पाहतो. हात तोच आहे हे कळते. तो हात भल्या माणसाचा आहे की नाही, हे शिक्का सांगत नाही. पुढचे बहुतेक घोळ या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने झाले, असे मला वाटते.

शिक्काही अभेद्य नव्हता. २०१३ मध्ये ब्लूबॉक्स या सुरक्षा कंपनीने दाखवले, की २००९ च्या १.६ आवृत्तीपासून अँड्रॉइडमध्ये एक भोक होते. एपीके म्हणजे अनेक फाइलींचे गाठोडे. त्यात एकाच नावाच्या दोन फाइली ठेवल्या, तर शिक्का तपासणारा भाग एक फाइल पाही आणि बसवणारा भाग दुसरीच उचली. शिक्का खरा आणि मजकूर परका! गूगलने ते भोक बुजवले. २०१६ मध्ये सातव्या आवृत्तीत नवी पद्धत आली. तीत गाठोड्यातल्या एकेका फाइलीऐवजी अख्ख्या गाठोड्यावर शिक्का बसू लागला. मोर्तब उमटायला आठ वर्षे लागली म्हणायची.

त्याच वर्षीच्या जुलैत ‘पोकेमॉन गो’ हा खेळ आला. तो अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये आधी, आणि भारतात अधिकृतपणे डिसेंबरात. तोवर धीर न निघालेल्यांनी जगभर एपीके मिळवून खेळ बसवला. फिरणाऱ्या प्रतींपैकी एकीत प्रूफपॉइंट या कंपनीला ‘ड्रॉइडजॅक’ सापडले: फोनचा ताबा दूरवरच्या माणसाच्या हाती देणारी यंत्रणा. या प्रतीचा शिक्का मूळ खेळाचा नव्हता. फोनवर अस्सल खेळ आधीच असता, तर फोनने ती वरून बसवू दिली नसती. पण पहिल्यांदाच बसवणाऱ्याच्या फोनवर ताडून पाहायला जुना शिक्काच नसतो. अख्ख्या व्यवस्थेची नाजूक जागा हीच. म्हणून सिग्नलसारखे निर्माते आपल्या संकेतस्थळावर एपीकेशेजारी शिक्क्याचा ठसा, म्हणजे आकड्या-अक्षरांची लांब माळ, छापतात. फाइल तिथूनच घ्यावी आणि ठसा ताडून पाहावा. ताडतो कोण, हा प्रश्न निराळा. २०१० पासून चालणाऱ्या एफ-ड्रॉइडने दुसरी वाट काढली: ॲपचा खुला कोड घेऊन फाइल स्वतः तयार करायची आणि बहुधा आपलाच शिक्का मारायचा.

२०१७ मध्ये ती एकच चौकट गेली. परवानगी ब्राउझरला वेगळी, व्हॉट्सॲपला वेगळी द्यावी लागू लागली. कामापुरती देऊन लगेच काढून घेता येते. फारसे कोणी घेत नाही.

आपल्याकडे हा विषय घरात शिरला तो लग्नपत्रिकेच्या रूपाने. पत्रिका, वाहनाचे ई-चलन, पीएम-किसानचा हप्ता अशा नावांच्या एपीके व्हॉट्सॲपवर येतात, पुष्कळदा ओळखीच्याच नंबरवरून, कारण तो फोन आधीच गेलेला असतो. उघडली की ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि ओटीपी परस्पर जातो. या फाइलींवरही शिक्का असतो आणि तो तांत्रिकदृष्ट्या बिनचूक असतो. पत्रिकेला एसएमएस कशाला वाचायचे आहेत, हा प्रश्न फोन विचारत नाही. अलीकडे थोडा विचारू लागला आहे: २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून अशा बाहेरच्या ॲपना ॲक्सेसिबिलिटीची परवानगी सहज मिळत नाही.

गंमत अशी, की त्याच वर्षी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड करताना बाहेरून ॲप बसवण्यावर निर्बंध नकोत, असेही बजावले. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, हा आदेश मात्र काढून टाकला. २०२४ मध्ये फोनपेचे ‘इंडस ॲपस्टोअर’ मराठीसह बारा भारतीय भाषांत आले. दुसरी दुकाने प्ले स्टोअरवर ठेवता येत नाहीत. ज्याच्या फोनमध्ये ते आधीपासून नाही, त्याला हे दुकानही एपीके म्हणूनच बसवावे लागते.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले, की बाहेरच्या ॲपच्या निर्मात्यांनाही ओळख पटवून नोंदणी करावी लागेल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड या देशांत आणि २०२७ पासून इतरत्र. एफ-ड्रॉइडने कडाडून विरोध केला. तीन महिन्यांनी गूगलने जाणकारांसाठी इशाऱ्यांसह वेगळी वाट ठेवण्याचे कबूल केले. शिक्क्यामागच्या माणसाचे नाव विचारण्याचा हा पहिलाच मोठा प्रयत्न, आणि नावांची वही ठेवणार आहे तो अधिकृत दुकानाचा मालक.