मत कुणाचं, सामना कुणी पाहिला

क्रमवारी लावायची तर आधी निकाल हाताशी असावे लागतात. अमेरिकेत 1976 साली महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलचं घोडं नेमकं इथेच अडलेलं होतं. मिसिसिपीतल्या एखाद्या संघाने शनिवारी टेक्ससच्या संघाला हरवलं की नाही, हे फिलाडेल्फियात बसलेल्या माणसाला कळायची सोय नव्हती. वर्तमानपत्रं हे स्कोअर छापत नसत, वृत्तसंस्था ते पाठवत नसत, आणि पुष्कळ कॉलेजांत ते बाहेर कळवण्याचं काम कुणाच्याच गळ्यात नव्हतं.

आज या खेळाचे चाहते मोसमात दर आठवड्याला आपापली पंचवीस संघांची यादी करतात. मग त्यांच्यातलाच कुणी हौशी गडी त्या सगळ्या याद्या गोळा करून बेरजा मारतो आणि चाहत्यांची क्रमवारी जाहीर करतो. या यादीने कुणाला चषक मिळत नाही, की स्पर्धेत कुणाची जागा वरखाली होत नाही. तरी ती केली जाते, आणि तिच्यावरून कडाक्याची भांडणं होतात. या उद्योगाच्या कुळाचा शोध घेत मागे गेलं की आपण फिलाडेल्फिया इन्क्वायरर या दैनिकाच्या क्रीडा विभागातल्या टेलिफोनपाशी पोहोचतो.

त्याआधी घराण्याचा मूळ पुरुष बघून घेऊ. असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी या वृत्तसंस्थेचे क्रीडा संपादक ॲलन गूल्ड यांनी 1936 साली कॉलेज फुटबॉलची साप्ताहिक क्रमवारी सुरू केली. सामने शनिवारी, मग उरलेले दिवस वाचकांनी बोलायचं कशावर? तर या यादीवर. वाद पेटता ठेवणं हाच हेतू होता, आणि गूल्ड यांनी पुढे तो लपवलाही नाही. 1949 पासून पुरुषांच्या बास्केटबॉललाही अशी क्रमवारी मिळाली. मतं द्यायचे पत्रकार. त्यांचा पोटापाण्याचा धंदाच सामने बघण्याचा होता, त्यामुळे मत कुणाचं घ्यायचं हा प्रश्नच आला नाही.

महिलांच्या खेळाच्या वाटेला मात्र पत्रकार फिरकतच नव्हते. खेळ काही नवा नव्हता. नेस्मिथ यांनी 1891 मध्ये स्प्रिंगफील्डला बास्केटबॉल शोधला, आणि लगेच पुढच्या हिवाळ्यात जवळच्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवायला घेतला. मार्च 1893 मधल्या त्यांच्या पहिल्या सामन्याला पुरुषांना प्रवेशच नव्हता. मैदानाचे तीन भाग पाडलेले आणि खेळाडूने आपल्या भागाबाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण मुलींना जास्त धावपळ झेपणार नाही, ही तेव्हाची समजूत. असल्या समजुतींचं ओझं पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं वाहिलं गेलं. 1971 मध्ये कॉलेजातल्या महिला खेळांसाठी एआयएडब्ल्यू ही स्वतंत्र संघटना उभी राहिली, आणि 1972 मध्ये टायटल नाइन हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगभेद करता येणार नाही, एवढंच तो सांगत होता. पण जिमखान्याच्या चाव्यांपासून प्रवासखर्चापर्यंत सगळीकडे हळूहळू त्याचा धक्का बसू लागला.

ही गोष्ट फिलाडेल्फियातच का घडली, याचं उत्तर शहराबाहेरच्या एका छोट्या कॅथलिक महिला कॉलेजात आहे. इमॅक्युलाटा कॉलेज नन्स चालवत. कोच होत्या कॅथी रश, तेव्हा पंचविशीच्या आसपासच्या. पहिल्या मोसमाचा त्यांचा पगार होता 450 डॉलर. महिन्याचा नव्हे, मोसमाचा. कॉलेजची खेळाची इमारत काही वर्षांपूर्वी जळून खाक झालेली, त्यामुळे सराव मिळेल त्या जागी. 1972 ची पहिली राष्ट्रीय स्पर्धा इलिनॉयमध्ये होती. तिथे जायला पैसे पुरेनात, म्हणून फक्त आठ मुली नेल्या. त्या आठजणींनी स्पर्धा जिंकली. पुढची दोन वर्षंही त्यांचीच. प्रेक्षकांत बसलेल्या नन्स पत्र्याच्या बादल्या बडवून संघाला चेव आणत. प्रतिस्पर्ध्यांना तो आवाज बराच जाचत असावा, कारण त्याची आठवण दोन्ही बाजूंनी निघते. फेब्रुवारी 1975 मध्ये याच संघाचा क्वीन्स कॉलेजशी सामना न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला आणि बारा हजारांच्या घरात लोक आले. म्हणजे बघणारे होते. बातमी पुरवणारे नव्हते.

इन्क्वायररचे क्रीडा संपादक जे सर्सी न्यूयॉर्क टाइम्समधून आलेले. महिलांच्या खेळाची वाढ त्यांनी तिथे जवळून पाहिली होती. महिला कॉलेज संघांची क्रमवारी सुरू करावी असं त्यांच्या मनात आलं आणि ते काम त्यांनी मेल ग्रीनबर्ग या तरुण सहकाऱ्याच्या अंगावर टाकलं. ग्रीनबर्ग यांना सुरुवातीला कल्पना फारशी पटली नव्हती, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्या संघांचे खेळ कुणी पाहिलेले नाहीत, ज्यांचे निकाल कुठे छापून येत नाहीत, त्यांना पहिला-दुसरा नंबर देणार कोण?

तोडगा निघाला तो असा: कोचनाच विचारायचं. एकमेकींचे संघ प्रत्यक्ष पाहिलेली माणसं तेवढीच होती. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या प्रशिक्षकांचं मंडळ केलं आणि रविवारी फोन सुरू झाले. प्रशिक्षक आपली वीस नावं सांगत आणि जोडीला आठवडाभराचे निकाल, कोण दुखापतीने बसली, कुठल्या अनोळखी कॉलेजात सहा फुटी मुलगी आली आहे, हेही सांगत. पहिली क्रमवारी नोव्हेंबर 1976 च्या अखेरीस आली. पहिल्या क्रमांकावर होता मिसिसिपीचा डेल्टा स्टेट. मार्गारेट वेड यांचा हा संघ. त्यात लुसिया हॅरिस होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये महिला बास्केटबॉलचा ऑलिम्पिक इतिहासातला पहिला बास्केट तिनेच टाकलेला. डेल्टा स्टेटने त्या मोसमात सलग तिसरं विजेतेपद घेतलं, म्हणजे पहिल्याच यादीने आपली अब्रू राखली.

पण खरं काम नंबर लावण्यापेक्षा वेगळंच झालं, असं मला वाटतं. यादी करण्याच्या निमित्ताने देशभरच्या निकालांचा पहिला गठ्ठा एका टेबलावर जमा होऊ लागला. दुसऱ्या टोकाला काय चाललंय हे कोचना कळायला लागलं. सामने ठरवताना तगडा प्रतिस्पर्धी कोण, हे ठाऊक झालं. आपल्या गावचा संघ देशात अकरावा आहे म्हटल्यावर स्थानिक वर्तमानपत्राला चार ओळी छापणं भाग पडलं. थोड्याच काळात एपीनेही ही यादी देशभर पाठवायला घेतली. ग्रीनबर्ग यांना लोक ‘गुरू’ म्हणू लागले, चक्क हाच शब्द, आणि 2007 मध्ये नॉक्सव्हिलच्या महिला बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळालं. एकही सामना न खेळता किंवा न शिकवता.

1982 मध्ये पुरुषांच्या खेळाचा कारभार पाहणाऱ्या बलाढ्य एनसीएएने महिलांची स्पर्धा सुरू केली आणि एआयएडब्ल्यूचा ग्रंथ आटोपला. त्या वर्षी दोन्ही संघटनांच्या अंतिम लढती एकाच दिवशी झाल्या. एआयएडब्ल्यूची शेवटची लढत फिलाडेल्फियाच्या पॅलेस्ट्रा सभागृहात. तिथे जिंकलेल्या रटगर्सच्या कोच थेरेसा ग्रेंट्झ होत्या, इमॅक्युलाटाच्या त्या आठजणींपैकी एक. दुसरीकडे एनसीएएच्या लढतीत लुइझियाना टेकने हरवलेला चेनी स्टेट हा संघही फिलाडेल्फियाच्या परिसरातलाच.

पुढचं वळण 1994-95 मधलं. मतदानाचा हक्क कोचकडून पत्रकारांकडे गेला. कोचच्या मतात एक अडचण असतेच. ज्यांना आपण हरवलं त्यांना वर ठेवलं की आपला विजय मोठा दिसतो. पण बदलाचं खरं कारण साधं होतं. आता मतं मागायला पुरेसे पत्रकार सामन्यांना येत होते. अठरा वर्षांत एवढा फरक पडला होता. आणि त्याच मोसमात, 16 जानेवारी 1995 ला, पहिल्या क्रमांकाचा टेनेसी आणि दुसऱ्या क्रमांकाचा कनेक्टिकट प्रथमच समोरासमोर आले. सामना सोमवारी, म्हणजे नेमका क्रमवारीच्या दिवशी. एपीने त्या दिवशी सामना संपेपर्यंत मतं थांबवून ठेवली. कनेक्टिकट 77-66 असा जिंकला आणि पहिल्यांदाच अव्वल ठरला. क्रमवारीने सामन्यासाठी खोळंबून राहावं, इतकं त्या सामन्याचं वजन झालं होतं. इन्क्वायररच्या टेबलावर निकालांची वाट पाहणाऱ्यांना 1976 मध्ये हे सांगून खरं वाटलं नसतं.

टेनेसीच्या पॅट समिट आणि कनेक्टिकटचे जीनो ऑरिएमा यांच्या वैरातून चाहत्यांची एक अख्खी पिढी घडली. टेनेसीचा संघ सलग 565 आठवडे क्रमवारीत राहिला आणि 2016 मध्ये बाहेर पडला, तेव्हा ती बातमी झाली. असे आकडे चाहत्यांना तोंडपाठ असतात.

मग चाहत्यांना वेगळी यादी का हवी झाली? याचंही मूळ बघण्यातच आहे. पूर्व किनाऱ्यावरचा पत्रकार मंगळवारचा मजकूर लिहून झोपतो, तेव्हा कॅलिफोर्नियातला सामना अजून मध्यंतराला आलेला असतो. शिवाय मतदार पत्रकार बहुधा आपल्या भागातल्या एका मोठ्या संघाचं वार्तांकन करतो, दौऱ्यावर असतो, डेडलाइनमध्ये असतो. चाहत्याला डेडलाइन नाही. साउथ डाकोटा स्टेटचा संघ जानेवारीच्या थंडीत कुणाशी कसा खेळला, हे त्याने रात्री जागून पाहिलेलं असतं. आपल्याकडे रेडिओ सिलोनवर अमीन सयानींच्या बिनाका गीतमालेला पोतीच्या पोती पत्रं जात, तेव्हा लिहिणाऱ्यांची हीच खात्री असे की गाणं आपण जास्त मन लावून ऐकलंय.

मोजणीची रीत मात्र चाहत्यांनी वरच्यांकडूनच उचलली. पहिल्याला 25 गुण, दुसऱ्याला 24, असं उतरत पंचविसाव्याला 1. ही रीत अमेरिकन नाही आणि खेळातलीही नाही. फ्रेंच आरमारातला गणिती ज्याँ-शार्ल द बोर्दा याने 1770 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निवडणुकीसाठी ती मांडली. त्याच्याही आधी, 1433 मध्ये, निकोलस ऑफ क्यूसा या धर्मपंडिताने सम्राट निवडायला असंच काही सुचवलं होतं. तेव्हा कुणी ऐकलं नाही.

बोर्दाच्या रीतीतली खोच चाहत्यांच्या यादीत लख्ख दिसते. समजा पाच मतदार आहेत. तिघांनी कनेक्टिकटला पहिला आणि साउथ कॅरोलिनाला दुसरा नंबर दिला. उरलेले दोघे साउथ कॅरोलिनाचे कट्टर. त्यांनी आपला संघ पहिला लिहिला आणि कनेक्टिकटला मुद्दाम पाचवर ढकललं. आता बेरीज करा. कनेक्टिकट: तीन पंचवीस 75, अधिक दोन एकवीस 42, एकूण 117. साउथ कॅरोलिना: तीन चोवीस 72, अधिक दोन पंचवीस 50, एकूण 122. पाचपैकी तिघांच्या मते पहिला असलेला संघ दुसरा आला. ही पद्धत लबाडांच्या हाती गेली तर काय, असं बोर्दाला विचारलं गेलं, तेव्हा ही पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे, असं त्याने उत्तर दिल्याचं सांगतात. बास्केटबॉलचा चाहता त्याने पाहिला नव्हता.

म्हणून बेरजा मारणाऱ्याला नियम करावे लागतात. यादी पंचवीसची पूर्ण हवी, अर्धवट बाद. नावं मतदाराच्या नावासकट सगळ्यांना दिसतील अशी हवीत, म्हणजे कुणी कनेक्टिकटला अठरावर टाकलं तर त्याला जाब विचारता येतो. कुणी प्रत्येक संघाचा सर्वात वरचा आणि सर्वात खालचा नंबर काढून टाकून मग बेरीज करतो. यातला जाब विचारण्याचा उपाय सगळ्यात गुणकारी, कारण शंभर गणितांपेक्षा लाज बरी. शिवाय जाबाला उत्तर द्यायचं म्हणजे सामना पाहिलेला असावा लागतो. ‘त्यांची पॉइंट गार्ड तीन सामने बाहेर होती, तुम्हाला माहीत नव्हतं का?’ असं कुणी म्हटलं की बोलती बंद. इथे क्रमवारी पुन्हा ग्रीनबर्ग यांच्या टेबलासारखी वागू लागते. नंबर नावाला, खरी देवाणघेवाण बातम्यांची.

आता बातम्यांचा तुटवडा नाही. एप्रिल 2024 मध्ये क्लीव्हलंडला झालेली साउथ कॅरोलिना आणि आयोवा यांची अंतिम लढत सुमारे 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिली, त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम लढतीपेक्षा जास्त. विजेत्या साउथ कॅरोलिनाच्या कोच डॉन स्टेली उत्तर फिलाडेल्फियाच्या. ऑरिएमा त्याच शहराच्या शेजारच्या नॉरिसटाउनमध्ये वाढलेले. स्पर्धेतल्या जागा ठरवताना एनसीएए 2020-21 पासून नेट नावाची संगणकी क्रमवारी हाताशी ठेवते. ती कुणालाही फोन करत नाही. एपीची यादी 2025-26 मध्ये पन्नासाव्या मोसमात आली.

चाहत्यांचा एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. एपीची मोसमातली शेवटची यादी कित्येक वर्षं स्पर्धेच्या आधीच निघत असे. त्यामुळे विजेता ठरल्यावरची क्रमवारी लावणं हे चाहत्यांना आपलं हक्काचं काम वाटत आलं. पहिला नंबर विजेत्याचा, इथपर्यंत एकमत. पण दुसरा कुणाचा? अंतिम सामन्यात तेवीस गुणांनी आपटलेल्याचा, की विजेत्याशी आदल्याच फेरीत गाठ पडल्यामुळे घरी गेलेल्याचा? एक गट म्हणतो, मैदानावर ठरलं ते ठरलं. दुसरा म्हणतो, सोडत कुणाच्या हातात असते? याद्या पाठवायची मुदत संपेपर्यंत हे चालतं, आणि बेरीज करणारा दोन्ही गटांची मतं जशी आली तशी मोजतो.