पगाराची एक प्रणाली आणि बारा सवयी

मागच्या व्याख्यानात आपण धबधबा पद्धत पाहिली: आधी सगळ्या गरजा लिहायच्या, मग आराखडा, मग कोड, आणि चाचणी अगदी शेवटी. आज आपण अमेरिकेतल्या क्रायस्लर या मोटार कंपनीकडे वळू. तिला सुमारे 87,000 माणसांचा पगार एकाच नव्या प्रणालीतून काढायचा होता. प्रकल्पाचं नाव सी-थ्री. 1996 साली केंट बेक तिथे गेले, तेव्हा कोड भरपूर लिहून झाला होता, पगार मात्र निघत नव्हता. त्यांच्या सल्ल्याने तो कोड बाजूला ठेवून काम नव्याने सुरू झालं.

जोडीने कोड लिहायचा, चाचणी आधी लिहायची, सगळ्यांचं काम सतत एकत्र जोडत राहायचं, तीन-तीन आठवड्यांच्या फेऱ्या करायच्या. बेक यांनी पुढे 1999 च्या पुस्तकात अशा 12 सवयी मांडल्या. 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' म्हणतात ते हेच. खरं तर यातली एकेक सवय जुनीच होती! आपण लक्ष द्यायचं ते त्यांच्या एकमेकींवरच्या भिस्तीकडे. कोड रोज सुधारायचा, तर जुनं काही मोडलं का हे लगेच कळायला हवं; ते चाचण्या सांगतात. चाचण्या लिहायचा कंटाळा येतो, पण शेजारी जोडीदार बसलेला असला की टाळाटाळ जमत नाही. आणि पगाराचा एखादा नियम अडला, तर सांगायला ग्राहकाचा माणूस तिथेच हजर.

1997 मध्ये सुमारे 10,000 जणांचा पगार या प्रणालीतून निघाला. त्यानंतर काही महिन्यांतच ग्राहकाची ही प्रतिनिधी ताणाने थकून बाहेर पडली. प्रोग्रॅमर जोडीने बसत, भार वाटून घेत. तिच्या कामाला मात्र जोडी नव्हती. एवढ्यानेच प्रकल्प बुडाला असं आम्ही म्हणणार नाही, कारण 1998 मध्ये डाइमलरशी विलीनीकरणही झालं. फेब्रुवारी 2000 मध्ये सी-थ्री बंद झाला, बेक यांचं पुस्तक येऊन जेमतेम काही महिने झाले असताना.

वर्षभराने यूटामधल्या स्नोबर्डला 17 जण जमले. बेक होते, तसे स्क्रमचे सदरलँड आणि श्वाबरही होते. स्क्रममध्ये बैठका आणि जबाबदाऱ्या ठरलेल्या, पण कोड कसा लिहायचा याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून अनेक संघांनी दोन्ही एकत्र केलं. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी सकाळची उभ्याने घ्यायची बैठक तेवढी आली, चाचण्या मागेच राहिल्या; त्याबद्दल पुढच्या व्याख्यानात बोलू.