बेवडापासून पाकिटापर्यंत

भुईमूग काढलेल्या रानात गहू जोमाने येतो, हे पलूस-कुंडलकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. ‘बेवड चांगला आहे’ एवढेच तो म्हणतो. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेले बरेवाईट, ते बेवड. भुईमूग, हरभरा, तूर ही द्विदल पिके मागे काय ठेवतात, याचा उलगडा मात्र फार उशिरा झाला.

जर्मनीत हेलरीगेल नावाच्या शास्त्रज्ञाने निर्जंतुक वाळूत वाटाणा पेरून पाहिला. नत्रावाचून रोपे खुरटली. मग शेतातल्या मातीचे थोडे पाणी घातले, आणि ती तरारली. मुळांवर गाठी दिसू लागल्या. हा निष्कर्ष त्याने 1886 साली जाहीर केला. 1888 मध्ये हॉलंडच्या बायजेरिंकने गाठींतले जिवाणू वेगळे काढले. हवेत नत्र 78 टक्के. पण पिकाला तो जसाच्या तसा घेता येत नाही. हे जिवाणू तो पचनी पडेल असा करून देतात, आणि मोबदल्यात पिकाकडून साखर घेतात. आहे की नाही चोख व्यवहार? आपल्या देशात 1920 साली बिहारातील पुसा येथे एन. व्ही. जोशी यांनी या जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला.

पुढे कृष्णेचे पाणी शिवारात फिरले, ऊस वाढला, युरियाची पोती आली. उत्पन्न वाढले, हे नाकारून चालणार नाही. पण उसामागे ऊस आणि खोडव्यामागे खोडवा आला, तसा बेवड मागे पडला. अति पाण्याने नदीकाठची काही राने खारवटलीही.

आता तुम्ही विचाराल, उसाच्या मुळांना कुठे गाठी असतात? खरे आहे. परंतु ब्राझीलमध्ये काही उसाचे फड थोडक्या नत्रावर वर्षानुवर्षे पिकत होते. त्याचा शोध घेताना 1988 साली योहाना डोबेराइनर व त्यांच्या सहकाऱ्याने उसाच्या आतच राहणारा, नत्र बांधणारा जिवाणू जगापुढे आणला. तोच आपल्याकडे ‘अॅसेटोबॅक्टर’ म्हणून ओळखला जातो. आपल्या सांगलीच्या वसंतदादांचे नाव धारण करणारी मांजरीची साखर संस्था हे जिवाणू खत तयार करते. लागणीपूर्वी त्याच्या द्रावणात बेणे अर्धा तास बुडवून घेतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. पोत्यातले खत निर्जीव असते. या पाकिटातला माल जिवंत आहे. 2006 साली खत नियंत्रण आदेशात जिवाणू खते आली, तेव्हा भुकटीच्या एका ग्रॅममध्ये निदान 5 कोटी जिवंत जिवाणू हवेत, असे ठरले. ते पाकीट दुकानाच्या दारात उन्हात तापले, की पैसे मातीत गेलेच म्हणून समजा. मुदत वाचून घ्या, सावलीत ठेवा, रासायनिक खतात मिसळू नका. बियाण्याला लावले तर सावलीतच सुकवून लगोलग पेरा.

आणि पाचट पेटवू नका. खारवट रान काही पाकिटाने सुधारत नाही. तिथे आधी निचराच हवा. जमिनीत सेंद्रिय अंश आणि ओल असेल, तरच हे पाहुणे नांदतील. आपल्या वाडवडिलांनी बेवड राखला, म्हणजे नकळत हेच जिवाणू पोसले. आपल्याला तर आता कारणही ठाऊक आहे.