गळ टाकण्यापूर्वी : परवाना आणि रहिवासाचे नियम

उकाईच्या सहलीत कोणी ना कोणी गळ घेऊन येतोच. मागच्या खेपेस काठावरच्या एका मच्छीमाराने आमच्या सभासदाला शांतपणे विचारले, कोणाच्या परवानगीने? उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. म्हणून ही माहिती.

कायदा कोणाचा?
मासेमारी हा राज्यघटनेनुसार राज्यसूचीतील विषय आहे (नोंद २१). गुजरातेत २००३ चा, तर महाराष्ट्रात १९६० चा मत्स्योद्योग कायदा आहे. एका राज्याची परवानगी दुसऱ्या राज्यात चालत नाही. उकाईचे पाणी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यापर्यंत पसरते. पाणी एकच, कायदे दोन.

उकाई जलाशय
तापीवरचे हे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्यात गावे बुडाली, आदिवासी कुटुंबे विस्थापित झाली. आज काठावरची अनेक आदिवासी कुटुंबे सहकारी मंडळ्यांमार्फत येथे मासेमारी करतात. आपला तो छंद, त्यांची ती भाकरी. म्हणून मत्स्योद्योग खात्याच्या कार्यालयात आणि स्थानिक मंडळीकडे आधी विचारावे. पैसे भरल्यास पावती घ्यावी. पावसाळा हा रोहू-कटल्याच्या प्रजननाचा काळ, तेव्हा बंदीच्या तारखाही विचारून घ्याव्यात. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे १८९७ पासून गुन्हा आहे.

मुलांकडे परदेशी जाताना
कॅलिफोर्नियात १६ वर्षे पूर्ण झालेल्यांना परवाना लागतो. रहिवासी दर साधारणपणे सलग सहा महिने तेथे राहिलेल्यांनाच मिळतो. मुलाचे घर तेथे आहे म्हणून आपण रहिवासी ठरत नाही. त्याच्या पत्त्यावर स्वतःला रहिवासी दाखवणे म्हणजे खोटे निवेदन, आणि व्हिसावर गेलेल्याने ते मुळीच करू नये. पाहुण्यांसाठी एक-दोन दिवसांचे परवाने मिळतात. समुद्रातील सार्वजनिक धक्क्यावरून गळ टाकण्यास परवाना लागत नाही.

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यासाठी १३ वर्षांपासून परवाना लागतो. तेथे स्थानिक आणि पाहुणे यांना दर सारखाच. मात्र परवाना असला तरी त्या पाण्याच्या मालकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

पुढच्या सहलीस गळ आणणाऱ्यांनी आधी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे. परवानगीची चौकशी आम्ही एकत्रच करू.