व्यावसायिक बेसबॉल आणि दुरावलेला प्रेक्षक : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सामाजिक इतिहासात बेसबॉलला दीर्घकाळ राष्ट्रीय खेळाचे स्थान होते. १८६९ मध्ये सिनसिनाटी येथील रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे वेतन घेणाऱ्या खेळाडूंचा पहिला संघ उभा राहिला. १८७६ मध्ये नॅशनल लीगची स्थापना झाली, १९०१ मध्ये अमेरिकन लीगने तिच्या बरोबरीचा दर्जा जाहीर केला आणि १९०३ पासून या दोन लीगांच्या विजेत्या संघांत 'वर्ल्ड सिरीज' ही अंतिम मालिका खेळली जाऊ लागली. गॅलप या संस्थेच्या १९४८ च्या जनमतचाचणीत ३९ टक्के अमेरिकनांनी पाहण्यासाठी आपला सर्वांत आवडता खेळ म्हणून बेसबॉलचे नाव घेतले होते. १९७२ मध्ये अमेरिकन फुटबॉलने त्याला प्रथमच मागे टाकले आणि २०२३ च्या अखेरीस झालेल्या चाचणीत बेसबॉलचा वाटा अवघा १० टक्के उरला.

या घसरणीचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. बेसबॉल हा संथ खेळ आहे आणि गतिमान युगातील माणसाला तो कंटाळवाणा वाटतो, असे ते स्पष्टीकरण होय. त्यात तथ्यांश असला तरी ते पुरेसे नाही. पाच दिवसांच्या कसोटी सामन्याची गोडी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला संथपणा आणि कंटाळा यांतील फरक वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शिवाय बेसबॉलच्या मैदानावरील एकूण उपस्थितीचा उच्चांक १९४८ मध्ये नव्हे, तर २००७ मध्ये नोंदवला गेला. त्या हंगामात सुमारे ७ कोटी ९५ लाख तिकिटांची विक्री झाली. तेव्हा सर्वच प्रेक्षक खेळ सोडून गेले, असे म्हणता येत नाही. या खेळावर निष्ठा असलेल्या प्रेक्षकांपैकी काही जण मात्र निरनिराळ्या काळी निश्चितपणे दूर झाले. ते का दूर झाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रेक्षकाची निष्ठा चार अलिखित आश्वासनांवर उभी होती, असे प्रतिपादन येथे केले आहे. संघ आपल्या गावाचा आहे, सुरू झालेला हंगाम पूर्ण होईल, खेळाची नोंद खरी असेल आणि सामान्य माणसाला हा खेळ पाहता येईल, ही ती आश्वासने होत. ती कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती. त्यामुळे ती मोडली गेली तेव्हा प्रेक्षकाला दाद मागण्याची कोणतीही जागा नव्हती. निघून जाणे एवढेच त्याच्या हाती होते.

१. संघ आणि गाव

१९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. या निर्णयामुळे लीगचा अंतर्गत कारभार बऱ्याच अंशी मालकांच्या मर्जीवर राहिला. प्रेक्षक ज्याला 'आपला संघ' म्हणत असे, तो कायद्याच्या दृष्टीने खासगी मालमत्ता होता. या दोन समजुतींतील अंतर १९५७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्पष्ट झाले.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील डॉजर्स संघ कष्टकरी व स्थलांतरित वस्त्यांच्या अभिमानाचा विषय होता. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात उतरवून याच संघाने प्रमुख लीगमधील वर्णभेदाची भिंत पाडली होती. १९५५ मध्ये ब्रुकलिनला पहिले आणि एकमेव विजेतेपद मिळाले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी मालक वॉल्टर ओमॅली यांनी संघ लॉस एंजेलिसला नेण्याचा निर्णय जाहीर केला. ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच नवे मैदान हवे होते आणि नगरनियोजनाची सूत्रे हाती असलेले रॉबर्ट मोझेस त्यासाठी जागा देण्यास तयार नव्हते, हे येथे नमूद करणे न्यायाचे ठरेल. परंतु दोष कोणाचाही असो, त्याची किंमत प्रेक्षकाने मोजली. त्याच वर्षी जायंट्स संघानेही न्यूयॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोची वाट धरली. १९६० मध्ये ब्रुकलिनचे एबेट्स फील्ड हे मैदान पाडण्यात आले.

हीच घटना पुढे ओकलंडमध्ये घडली. अ‍ॅथलेटिक्स हा संघ १९५५ मध्ये फिलाडेल्फियाहून कॅन्सस सिटीला आणि १९६८ मध्ये तेथून ओकलंडला आला होता. मालकांनी खेळाडूंवरील खर्च कमी केला, संघ दुबळा झाला आणि २०२२ च्या हंगामात एकूण उपस्थिती ८ लाखांच्याही खाली गेली. ही घटती उपस्थिती गावाच्या अनास्थेचा पुरावा म्हणून पुढे करण्यात आली. त्याला उत्तर म्हणून १३ जून २०२३ रोजी प्रेक्षकांनी उलटा बहिष्कार पुकारला. त्या हंगामात तोवर सरासरी १० हजारही लोक येत नसलेल्या मैदानावर त्या रात्री २७,७५९ लोक आले आणि त्यांनी मालकाने संघ विकावा अशा घोषणा दिल्या. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये इतर मालकांनी लास व्हेगासला जाण्याचा प्रस्ताव एकमताने मंजूर केला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमधील अखेरचा सामना झाला. या प्रेक्षकांनी खेळातील रस गमावला, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. त्यांच्याकडे रस होता, परंतु तो स्वीकारणारा संघ उरला नाही.

गाव म्हणजे केवळ भूगोल नव्हे. रॉबिन्सन यांच्या पदार्पणानंतर कृष्णवर्णीय समाजाने या खेळाला आपले मानले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी प्रमुख लीगमधील कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूंचे प्रमाण १८ टक्क्यांहून अधिक होते. २०२३ पर्यंत ते ६ टक्क्यांच्या आसपास आले. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९५० नंतर असे प्रथमच घडले. ज्या वस्तीतील मुलांना मैदानावर आपल्यापैकी कोणी दिसत नाही, त्या वस्तीत या खेळाचा पुढचा प्रेक्षक घडणे अवघड असते.

२. संप आणि अपुरा हंगाम

जवळजवळ शंभर वर्षे खेळाडू आपल्या संघाशी 'राखीव कलमा'ने बांधलेला असे. करार संपला तरी त्याला दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे. कर्ट फ्लड याने १९६९ मध्ये आपली परस्पर केलेली बदली नाकारली आणि न्यायालयात दाद मागितली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने खेळाडूंना मोकळीक मिळाली. श्रमिकांच्या हक्काच्या दृष्टीने हा निवाडा निःसंशय न्याय्य होता. मात्र त्यानंतर वाढत्या उत्पन्नाच्या वाटणीवरून मालक व खेळाडू यांच्यात वारंवार संघर्ष झाला. १९८१ च्या संपात ७१३ सामने रद्द झाले.

१२ ऑगस्ट १९९४ रोजी सुरू झालेला संप सर्वांत घातक ठरला. मालकांना वेतनावर कमाल मर्यादा हवी होती आणि खेळाडूंच्या संघटनेस ती अमान्य होती. १४ सप्टेंबरला उर्वरित हंगाम आणि वर्ल्ड सिरीज रद्द झाल्याची घोषणा झाली. १९०४ नंतर वर्ल्ड सिरीज न होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. दोन महायुद्धांत जे घडले नव्हते ते उत्पन्नाच्या वाटणीवरून घडले. टोनी ग्विन याची फलंदाजीची सरासरी त्या वेळी ०.३९४ होती. १९४१ मधील टेड विल्यम्सनंतर ०.४०० चा टप्पा कोणीही गाठला नव्हता आणि तो गाठण्याची ग्विनची संधी अपुऱ्या हंगामाबरोबर गेली. माँट्रियलचा एक्सपोज संघ ७४ विजय व ४० पराभव अशा सर्वोत्तम कामगिरीसह आघाडीवर होता. संपानंतर त्याचे प्रमुख खेळाडू विकले गेले, प्रेक्षक ओसरले आणि २००५ मध्ये तो संघच वॉशिंग्टनला हलवण्यात आला.

न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांच्या मनाई हुकुमानंतर एप्रिल १९९५ मध्ये संप मिटला. १९९४ मध्ये दर सामन्यास सरासरी सुमारे ३१ हजार असलेली उपस्थिती १९९५ मध्ये सुमारे २५ हजारांवर आली. मालकांचे प्रतिनिधी होते, खेळाडूंची संघटना होती, परंतु वाटाघाटीच्या मेजावर प्रेक्षकाच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. त्याने आपले मत मैदानाकडे पाठ फिरवून नोंदवले.

३. नोंदींची विश्वासार्हता

अन्य कोणत्याही अमेरिकन खेळापेक्षा बेसबॉल हा आकड्यांचा खेळ आहे. एकोणिसाव्या शतकात हेन्री चॅडविक या पत्रकाराने सामन्याचा तपशीलवार गुणतक्ता प्रचारात आणला आणि त्यामुळे भिन्न पिढ्यांतील खेळाडूंची तुलना शक्य झाली. बेब रूथचे १९२७ मधील ६० होमरन आणि रॉजर मॅरिसचे १९६१ मधील ६१ होमरन हे आकडे घराघरांत पाठ होते. आजोबांचा नायक आणि नातवाचा नायक यांना एकाच तराजूत तोलता येणे, ही या खेळाची मोठी मिरास होती.

या मिराशीवर पहिला आघात १९१९ मध्ये झाला. शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर वर्ल्ड सिरीज जाणूनबुजून हरल्याचा आरोप ठेवण्यात आला. १९२१ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले, तरीही आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी सर्वांना कायमचे बाद केले. ही शिक्षा कठोर होती, परंतु प्रेक्षकाचा विश्वास तिने टिकवला.

१९९० च्या दशकात याच्या नेमके उलट घडले. संपामुळे रुष्ट झालेला प्रेक्षक १९९८ मध्ये परत आला तो मार्क मॅकग्वायर (७० होमरन) आणि सॅमी सोसा (६६ होमरन) यांच्या चढाओढीमुळे. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने हा आकडा ७३ वर नेला. स्टेरॉइडसारख्या उत्तेजक द्रव्यांच्या वापराची शंका तेव्हाही घेतली जात होती. १९९१ मध्येच आयुक्तांनी अशी द्रव्ये निषिद्ध ठरवली होती, परंतु खेळाडूंची चाचणी २००३ पर्यंत सुरू झाली नाही. डिसेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिचेल अहवालात ८९ खेळाडूंची नावे आली आणि जानेवारी २०१० मध्ये मॅकग्वायरने स्वतः कबुली दिली. ज्या पराक्रमाने दुरावलेला प्रेक्षक परत आणला, तोच पराक्रम संशयास्पद ठरला. एकदा परत आलेल्या आणि पुन्हा फसवल्या गेलेल्या माणसाला तिसऱ्यांदा बोलावणे सोपे नसते.

ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने २०१७ च्या विजेतेपदाच्या हंगामात कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रतिस्पर्ध्यांचे संकेत चोरल्याचे नोव्हेंबर २०१९ मध्ये उघडकीस आले. जानेवारी २०२० मध्ये संघाला ५० लाख डॉलरचा दंड झाला आणि व्यवस्थापकांना निलंबित करण्यात आले. मात्र एकाही खेळाडूला शिक्षा झाली नाही आणि विजेतेपदही कायम राहिले. लँडिस यांच्या निर्णयाशी याची तुलना केल्यास प्रेक्षकाच्या नाराजीचे कारण ध्यानी येते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-सट्ट्यावरील केंद्रीय निर्बंध रद्द केल्यानंतर सट्टा-कंपन्या लीगच्या अधिकृत भागीदार झाल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलंड संघाच्या दोन पिचरांवर (चेंडू फेकणारे खेळाडू) सट्टेबाजांच्या फायद्यासाठी ठरवून चेंडू टाकल्याचे आरोप ठेवण्यात आले. या घटनेने १९१९ ची आठवण पुन्हा जागी केली.

४. वेळ आणि सुलभता

१९७० च्या दशकात नऊ डावांचा सामना साधारण अडीच तासांत संपत असे. २०२१ मध्ये त्याला सरासरी ३ तास १० मिनिटे लागू लागली. मात्र वेळ वाढला यापेक्षा त्या वेळेत घडणारी क्रीडा घटली, हे अधिक महत्त्वाचे आहे. संख्याशास्त्राच्या आधारे होमरन हाच सर्वांत लाभदायक फटका ठरवण्यात आला. परिणामी २०१८ च्या हंगामात इतिहासात प्रथमच स्ट्राइकआउटने बाद झालेल्या फलंदाजांची संख्या यशस्वी फटक्यांहून अधिक भरली. धावणे, झेल, फेक यांतील नाट्य त्यामुळे कमी झाले.

दूरचित्रवाणीनेही दुहेरी परिणाम केला. वर्ल्ड सिरीजमधील रात्रीचा पहिला सामना १९७१ मध्ये झाला. १९८७ नंतर या मालिकेत दिवसाचा सामना झालेला नाही. जाहिरातीचे उत्पन्न वाढले, पण शाळकरी मुले सामना संपण्यापूर्वीच झोपू लागली. पुढे प्रक्षेपणाचे हक्क प्रादेशिक वाहिन्यांना विकले गेले. आयोवा राज्यात प्रमुख लीगचा एकही संघ नाही, तरीही सहा संघांनी त्यावर आपला प्रक्षेपण-हक्क सांगितल्यामुळे तेथील प्रेक्षकाला लीगच्या इंटरनेट सेवेचे पैसे भरूनही त्या संघांचे सामने वर्षानुवर्षे पाहता येत नव्हते. १९७८ ची वर्ल्ड सिरीज सरासरी ४ कोटींहून अधिक अमेरिकनांनी पाहिली होती. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ९१ लाखांवर आला.

समारोप

२०२३ च्या हंगामापासून लीगने पिचरवर घड्याळाचे बंधन घातले. मैदानात धावपटू नसताना १५ सेकंदांत चेंडू टाकणे अनिवार्य झाले. सामन्याची सरासरी २ तास ४० मिनिटांवर आली आणि उपस्थिती पुन्हा ७ कोटींच्या वर गेली. २०२५ ची सात सामन्यांची वर्ल्ड सिरीज अतिशय रंगली आणि तिला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. या सुधारणेचे महत्त्व नाकारता येत नाही. खेळ मरणपंथाला लागला आहे, हा निष्कर्षही त्यामुळे टिकत नाही.

तथापि चार आश्वासनांपैकी नियम बदलून दुरुस्त होण्याजोगे आश्वासन एकच होते आणि तेच दुरुस्त झाले. घड्याळ बसवण्यासाठी कोणत्याही मालकाला आपला अधिकार सोडावा लागला नाही. गाव सोडून जाणाऱ्या संघाला रोखणे, वाटाघाटीत प्रेक्षकाच्या हिताला स्थान देणे आणि लाभदायक ठरणाऱ्या गैरप्रकाराला वेळीच शासन करणे यांसाठी मात्र तो अधिकार काही प्रमाणात सोडावा लागेल. ब्रुकलिन, माँट्रियल व ओकलंड येथील प्रेक्षक सामना लांबला म्हणून उठून गेले नव्हते. व्यावसायिक खेळ ही मालमत्ता असते आणि सार्वजनिक ठेवही असते. तिच्या पहिल्या स्वरूपाचे रक्षण कायद्याने केले. दुसऱ्या स्वरूपाचे रक्षण प्रेक्षकांच्या निष्ठेवर सोडले गेले आणि ती निष्ठा अक्षय नव्हती, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.