मांडवीच्या भरती-ओहोटीत अडकलेला खाणगाळ

कारापूर-सर्वण पंचायतीचा परिसर डिचोली तालुक्यात, मांडवीच्या खोऱ्यात येतो. हीच नदी वर खानापूर तालुक्यात म्हादई म्हणून उगम पावते. खोऱ्याचा थोडा भाग महाराष्ट्रातही आहे.

गाळ येतो कुठून?
एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती बाजूला टाकावी लागते. पावसात हे ढीग वाहतात आणि ओहोळांतून नदीत येतात. धक्क्यांवर बार्ज भरताना सांडलेलं खनिज वेगळंच.

तो निघून का जात नाही?
उन्हाळ्यात गोडं पाणी आटतं आणि भरतीचं खारं पाणी बरंच आत शिरतं. खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात, तळाशी बसतात. भरती-ओहोटी आणि बार्जची ये-जा तो गाळ पुन्हा ढवळते. गाळात लोह आणि मँगनीज असतं. तळाला प्राणवायू कमी पडला की मँगनीज पाण्यात विरघळतं. म्हणून खाण बंद पडली तरी नदी लगेच निवळत नाही. पावसाळ्यातला लोंढा हीच तिची मोठी धुलाई. वरचं पाणी घटलं तर तीही कमी होणार.

फटका कोणाला?
मानशीतून गाळ खाजन शेतात शिरला की भाताचं नुकसान होतं. तिसऱ्या, कालवं पाणी गाळून खातात, त्यामुळे धातू त्यांच्या अंगात साठतात.

आजची स्थिती
२०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केल्याने मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोली ब्लॉकचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये तिथे काम सुरू झालं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यात गोव्याचे ११. मांडवी, डिचोली आणि वाळवंटी त्यातच. पण ती यादी बीओडीवर, म्हणजे मुख्यतः सांडपाण्यासारख्या सेंद्रिय घाणीवर बेतलेली आहे. गाळातले धातू तिच्यात दिसत नाहीत.

ग्रामसभेत काय मागावं?
नुसत्या पाण्याची नव्हे, तळच्या गाळाची तपासणी मागा. ती पावसाआधी आणि पावसानंतर, दोन्ही वेळा हवी. पिण्याच्या पाण्यात मँगनीजची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालतं. विहिरीचा अहवाल हातात आला की आधी हा आकडा बघा.