कायदा आणि कन्या

बडोद्याचा स्त्रीशिक्षणाचा लौकिक आम्ही बडोदेकर अभिमानाने सांगतो. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संस्थानभर मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९०४ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९११ मध्ये महाराणी चिमणाबाईंचा भारतीय स्त्रीजीवनाविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस राजकन्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेला विवाह मोडला. वराची प्रथम पत्नी हयात होती. इंदिराराजे यांनी नकाराचे पत्र स्वतःच पाठविले. मातापित्यांना ते ग्वाल्हेरहून आलेल्या तारेने कळले. १९१३ साली लंडनमध्ये कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा आईवडील उपस्थित नव्हते.

महाराजांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मात्र शासनसेवेत कायद्याची कलमे अमलात आणताना आम्हांस एक गोष्ट उमगली : मुलीने शिकावे, एवढी अपेक्षा समाज हळूहळू मान्य करतो, शिकून तिने आपल्या आयुष्याचा निर्णय आपण घ्यावा, हे सुधारकाच्या घरातही सहज पचत नाही. ते कलम कोणत्याही राजपत्रात छापले जात नाही. ते ज्याने त्याने आपल्या उंबरठ्याच्या आतच लागू करावयाचे असते.